भेटीच्या दोन खुर्च्या

त्या दोन खुर्च्यांवर घरचं माणूस कधी बसलं नाही. मिस्त्रींनी त्या खास भेटीच्या बायकांसाठी केल्या होत्या. पाठ बुटकी, हात रुंद. इतके रुंद की त्यावर कपबशी ठेवली तरी कलंडायची नाही. एकदा त्यांच्या बायकोचा, थोरलीचा, भाऊ पाय दुखतात म्हणून तिथं टेकला. थोरली म्हणाली, "ऊठ. त्या खुर्चीला तुझं वजन माहीत नाही." भाऊ उठला. थोरलीनं ऊठ म्हटल्यावर बसून राहणारं त्या घरात एकच माणूस आलं होतं, ती तिची सून. आणि ती वर्षभरात नवऱ्याला घेऊन वेगळी झाली.

भेटीच्या बायका मंडळाच्या. मिस्त्री आणि थोरली लग्न झाल्यापासून एका प्रार्थना मंडळाचे सभासद होते. प्रार्थनाघरात जमायचं ते होतंच, पण शिवाय दर महिन्याला दोन बायका प्रत्येक सभासदाच्या घरी जाणार, खुशाली विचारणार, चहा घेणार, एक प्रार्थना म्हणणार आणि उठणार, अशी मंडळाची रीत. दोघींतली एक बोलायची, दुसरी गप्प बसायची. थोरलीनं त्यांना नावंच ठेवली होती, बोलकी आणि मुकी. बोलकी तिला आवडायची नाही. "भिंतीला प्रश्न विचारेल अशी बाई. उत्तर ऐकायला थांबत नाही." मुकीवर मात्र तिचा जीव. मुकी जाड भिंगांचा चष्मा लावून खाली मान घालून बसायची, चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायची. "बाईनं असावं तर असं," थोरली म्हणायची, "तोंड आहे, पण वाजवत नाही." हे थोरलीनं म्हणावं, म्हणजे कढईनं तव्याला काळा म्हणण्यासारखं. मिस्त्री ऐकायचे आणि रंधा मारत राहायचे.

मिस्त्रींना जन्मात फारशी कसली हौस नव्हती. कपडा द्याल तो घालायचे, ताटात पडेल ते खायचे. एकच गोष्ट त्यांनी मनात धरली होती. मंडळातला माणूस अखेरच्या अंथरुणाला लागला की भेटीच्या बायका येऊन उशाशी बसायच्या आणि निरोपाची प्रार्थना म्हणायच्या. चाल साधी, पण दोन आवाजांची. एक वर जातो, दुसरा खाली थांबतो. मिस्त्रींच्या आईला ती मिळाली होती. तिचा चेहरा शेवटी कसा सैल पडला ते मिस्त्री कधीमधी सांगायचे. "खिळा उपसल्यावर लाकूड सैल पडतं ना, तसा," म्हणायचे. "मला तेवढं झालं की पुरे."

थोरली म्हणायची, "अजून बरीच कपाटं बाकी आहेत तुमची. मरणाच्या गप्पा मारू नका, भुसा झाडा."

मग तो कायदा आला.

एका प्रार्थनेनंतर चिटणीस उभा राहिला. चिटणीस म्हणजे मंडळाचा कारभार बघणारा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारा. त्यानं सांगितलं, सरकारनं नवा कायदा केला आहे. मंडळाकडे प्रत्येक घराचं भेटींच्या नोंदींचं एक कार्ड असतं, ते खासगी असतं; पण आता त्यावर काय लिहिलंय ते बघायचा सभासदाला हक्क आहे. नको असेल तर पुसून घ्यायचाही हक्क आहे. दुसऱ्या एका शाखेला दंड झाला होता, त्यामुळे तो एकेक शब्द तोलून बोलत होता.

कुणी जागचं हललं नाही. शहाणी माणसं. आपल्याबद्दल लोक काय म्हणतात ते दाराआड ऐकायला उभं राहू नये, हे ज्याला त्याला कळतं. एकट्या थोरलीला कळलं नाही. तिचा हिशेब वेगळा होता. इतकी वर्षं भेटीच्या बायकांना ती ताजा चहा करून देत आली, शिळ्या दुधाचा एकदाही नाही. पडदे धुतलेले, जमीन लखलखीत. काहीतरी चांगलंच लिहिलेलं असणार. चारचौघांत कुणी तिला कधी बरं म्हटलं नव्हतं. म्हटलं, कागद तरी म्हणेल.

दुसऱ्या दिवशी बरं लुगडं नेसून ती प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत गेली. खोलीत एक टेबल, एक खिडकी, आणि भिंतभर मिस्त्रींनीच तरुणपणी करून दिलेलं लहान लहान खणांचं कपाट. पावसाळी हवेत त्यातला तळचा खण अडायचा. चिटणिसानं तोच ओढला, तो अडला.

"जरा वर उचलून ओढ," थोरली म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं काम आहे, माझ्यासारखंच. सरळ हात लावलास तर ऐकायचं नाही."

"काकू, खरंच बघायचंय? लोक सहसा..."

"लोकांचं सोड. तू शेंबडा होतास तेव्हापासून ओळखते मी तुला. वाच."

थोरलीला वाचता येत नव्हतं असं नाही. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, एवढं यायचं. पण कार्डावरचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं होतं. आणि ते तिला वाचता येत नाही हे चिटणिसाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून चष्मा घरी राहिला असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं. चष्मा तिला कधी नव्हताच.

चिटणिसानं कार्डाच्या उजव्या अर्ध्या भागावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला.

"ते काय झाकलंस?"

"ते मिस्त्रींचं. त्यांचं त्यांनी येऊन ऐकायचं. तुम्हाला तुमचंच ऐकवता येतं, कायदा आहे."

"माझ्या नवऱ्याचं मला झाकून ठेवणारा कसला रे कायदा?" ती म्हणाली, पण तिला घाई होती. "बरं, माझं वाच."

तो वाचू लागला. आवाज न चढवता, दुकानातला माल मोजावा तसा. 'घर स्वच्छ. घरधनीण स्वाभिमानी, बोलणं टोचरं.' 'आज बाईंनी शेजारणीची निंदा केली.' 'चहा चांगला. प्रार्थनेत लक्ष नाही, डोळा आमच्या चपलांवर.' 'मुलगा आणि सून वेगळे झाले. कारण सासूचं तोंड. बाई म्हणतात सून आळशी. खरं तसं दिसत नाही.' 'सुनेबद्दल विचारलं, बाई रडल्या, मग रागावल्या. रडल्याचं कुणाला सांगू नका म्हणाल्या.'

तिथं थोरलीनं हात वर केला. "थांब. हे कुणी लिहिलं?"

"नाव सांगता येत नाही, काकू."

"बोलकीनं लिहिलं असणार."

चिटणिसाची नजर कार्डाच्या कोपऱ्यावर गेली. आणि थोरलीला उमगलं. बोलणारी बोलत असते तेव्हा लिहायचं कुणी? ज्या बाईच्या गप्प बसण्याचं ती इतकी वर्षं कौतुक करत होती, ती ऐकायला बसत होती. खाल्ल्या घरचे वासे मोजत होती, आणि तेही मिस्त्रींनी खास रुंद हात लावलेल्या खुर्चीत बसून.

"पूस ते," थोरली म्हणाली.

"एक ओळ पुसता येत नाही. पुसायचं तर कार्डच जातं. आणि कार्ड घराचं आहे, काकू. तुमच्या नावानं आहे, पण त्यात मिस्त्रीही आहेत. कार्ड गेलं की घर यादीतून गेलं. मग आम्हाला तुमचा पत्तासुद्धा ठेवता येत नाही. भेटी बंद होतात. सगळंच."

"होऊ देत बंद. त्या बायकांना माझ्या दारात आता पायपुसणंसुद्धा मिळणार नाही."

"मिस्त्रींना एकदा विचारून या. उद्या केलं तरी चालेल."

याच ठिकाणी एखादीनं पाणी प्यायलं असतं, दोन श्वास घेतले असते. थोरली म्हणाली, "त्यांना काय विचारायचंय? माझ्या घरात मी म्हणते तेच होतं. कुठं करायची सही?"

सही तिला छान यायची. शाळेतून तिनं तेवढीच एक गोष्ट पूर्ण करून आणली होती. चिटणिसानं कार्ड टेबलाखालच्या यंत्रात सोडलं. यंत्र गुरगुरलं आणि खालच्या डब्यात पांढऱ्या पट्ट्या पडल्या, रंध्यातून निघणाऱ्या ढलप्यांसारख्या. थोरली त्या पडेपर्यंत उभी राहिली, मग ताठ मानेनं घरी आली.

"काय म्हणाला चिटणीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुमचा खण अडतो म्हणाला," ती म्हणाली.

बाकीचं ती बोलली नाही. आज सांगू, उद्या सांगू. पहिल्या महिन्यात बायका आल्या नाहीत तेव्हा म्हणाली, आजारी असतील. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, आता भेटी कमी केल्यात, नवीन नियम. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही; ज्या बाईनं जन्मभर कुणाला माझं चुकलं म्हटलं नाही, तिच्या जिभेला ते वळण येणार कुठून? मिस्त्री मान हलवायचे. ते महिन्याच्या महिन्याला त्या दोन खुर्च्या पुसायचे, आणि त्यांच्या पायांखाली कागदाची घडी बरोबर आहे ना ते बघायचे. पत्ते पिसत बसावं तशी थोरली स्वयंपाकघरात भांडी पिसत बसायची, आवाज करत.

मग मिस्त्रींच्या छातीनं ऐकेनासं केलं. डॉक्टर म्हणाली, जन्मभराचा भुसा आत साठलाय, आता तो बाहेर निघायचा नाही. औषध द्या, बसतं करून ठेवा, जवळ राहा. जवळ राहा म्हटल्यावर थोरलीला कळलं. डॉक्टर लोक बरा होणाऱ्या माणसाजवळ राहा म्हणत नाहीत.

सून आली. बोलावलं नव्हतं, आली. मुलगा कामावरून सुटला की यायचा, बापाचे पाय दाबायचा आणि भिंतीकडे बघायचा. सुनेनं आल्या आल्या पलंग खिडकीशी सरकवला, उशा रचल्या. थोरलीला ते तिरकं दिसत होतं, पण मिस्त्रींचा श्वास जरा मोकळा झाला, तेव्हा तिनं जीभ दाताखाली धरली.

"अगं," मिस्त्री तुटक तुटक म्हणाले, "त्या खुर्च्या इकडं आण. उशाशी."

"कशाला?"

"येतील ना आता त्या. कळवलंस ना?"

"कळवलं," थोरली म्हणाली.

सुनेनं खुर्च्या आणून ठेवल्या. त्या रिकाम्या खुर्च्या आणि ते दाराकडे लागलेले डोळे. जिन्यात पाऊल वाजलं की मिस्त्री शर्टाचं वरचं बटण लावायला बघायचे. बोटं ऐकायची नाहीत. पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. एकदा ते झोपेतून जागे झाले तेव्हा थोरलीनं सांगून बघितलं, "येऊन गेल्या. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही."

मिस्त्रींनी खुर्चीच्या हाताकडे बघितलं. तिथं कपाचा ओला गोल नव्हता. सुतार माणूस, लाकडावर काय झालं आणि काय नाही हे त्याला कुणी शिकवायचं नसतं.

स्वयंपाकघरात सून हळूच म्हणाली, "आई, त्या का येत नाहीत? खरं सांगा."

थोरलीनं सांगितलं. उभ्या उभ्या, गॅसकडे तोंड करून. कार्डावर सुनेबद्दल काय होतं तेही सांगितलं. 'खरं तसं दिसत नाही' हेसुद्धा. सुनेनं ऐकून घेतलं. तिला बोलायची संधी होती, इतकी वर्षं तिनं वाट बघितली असेल अशी. ती एवढंच म्हणाली, "जाऊन या. मी बसते बाबांपाशी."

"मी जाऊ? त्या लोकांच्या दारात?"

"मग मी जाऊ का? माझं कार्डच नाही तिथं."

थोरली गेली. लुगडं तेच, ताठा अर्धा.

चिटणीस तिला बघून उभा राहिला. खोलीतलं कपाट गेलं होतं. भिंतीवर त्याच्या जागी उजळ चौकोन होता आणि टेबलावर कॉम्प्युटर.

"माझं चुकलं," असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "मिस्त्रींचं काही खरं नाही. बायका पाठव."

चिटणिसाचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. भित्र्या माणसाच्या हातात नियम दिला की तो त्याला लहान मुलासारखा उराशी धरतो. "काकू, मला पाठवता येत नाही. तुमचं घर यादीत नाही. ज्याची संमती नाही त्याच्या घरी आजारपणात माणसं पाठवली तर उद्या कुणी तक्रार केली की..."

"मी देते संमती. लिही."

"तुमची तुम्हाला देता येते. त्यांची त्यांनीच द्यायची. नव्यानं अर्ज, त्यांची सही, मग तो मुख्य कार्यालयात जातो. तिथून आला की..."

"तोवर ते राहतील का?"

चिटणिसानं अर्जाचा कोरा कागद तिच्याकडे सरकवला.

"अरे, पत्ता तू कागदावरून पुसलास. त्या बायकांच्या पायांतून कसा पुसलास? डोळे बांधून सोडलं तरी माझ्या दारात येतील त्या. आणि ज्या कपाटात तुझं मंडळ राहत होतं ते त्या माणसानं केलंय. एक खिळा न मारता, सगळे सांधे लाकडाचे. कुठं गेलं ते?"

"खालच्या खोलीत. कार्डं आता राहिली नाहीत ना. काकू, मी स्वतः आलो असतो, पण..."

"तू येऊन काय करशील? तुला गाता येतं?"

तो अर्जाचा कागद तिनं घडी न करता हातात धरला आणि बाहेर पडली. पायऱ्यांवर मुकी भेटली. हातात पाण्याची बादली, पुढच्या दालनातली फरशी पुसून आली असावी. थोरलीनं या भेटीसाठी केव्हापासून शब्द धार लावून ठेवले होते. एकेक असा, की चष्म्याची भिंगं फुटावी. आता त्यातला एकही वर येईना.

"ते वाट बघताहेत," ती म्हणाली. "खुर्च्या मांडून."

मुकीनं बादली खाली ठेवली. तिचा आवाज थोरलीनं प्रार्थनेबाहेर पहिल्यांदाच ऐकला. घोगरा, दबका. "मला माहीत आहे, काकू. मी दोनदा तुमच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेले. एकटीनं जायची मनाई आहे. माझ्या जोडीची म्हणते, दंड झाला तर कोण भरणार. आणि ती प्रार्थना एकटीनं होत नाही. खालचा आवाज माझा. वरचा तिचा."

"मग खालचाच म्हण."

"नुसता खालचा ऐकवत नाही, काकू. रडल्यासारखा वाटतो." तिनं चष्मा काढून पदराला पुसला. "मी लिहायची ते माझ्या मनाचं नव्हतं. लिहायला सांगायचे. तुमच्याकडचा चहा मात्र मनापासून प्यायची."

थोरली काही न बोलता पायऱ्या उतरली. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं, की शेवटचा शब्द समोरच्याचा राहिला.

घरी मिस्त्री जागे होते. सुनेनं त्यांचं तोंड पुसून केस विंचरले होते. थोरलीनं कागद पलंगावर ठेवला आणि उशाशी बसली. त्या दोन खुर्च्यांपैकी एकीत बसली. मिस्त्रींनी ते बघितलं.

"तुमची सही हवी आहे," ती म्हणाली. "मी आपलं कार्ड फाडून आले होते. तुम्हाला न विचारता. म्हणून त्या येत नाहीत." आणि मग तिनं सगळं सांगितलं, एका दमात. मुकी लिहायची हे सांगताना अजूनही तिचा आवाज चिरकला.

मिस्त्रींनी बराच वेळ श्वास गोळा केला. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय?"

"लिहिते ते. जिन्यात बसून लिहायची, वळणावर. मी सोडायला जायचो ना. एकदा दिवा गेलेला. मी बॅटरी धरली तिच्यासाठी."

थोरलीचा आ वासला. "तुम्ही बॅटरी धरलीत? घरचं उणंदुणं लिहायला? आणि मला बोलला नाहीत?"

"तू चहा बंद केला असतास." ते हसले, मग खोकले, सुनेनं धावत येऊन त्यांना पुढं वाकवलं, पाठ चोळली, आणि परत आत गेली. श्वास ठिकाणावर आल्यावर ते म्हणाले, "बरं वाटायचं मला. जन्मभर लोकांची कपाटं केली. कुठल्या कपाटावर माझं नाव नाही. म्हटलं, कुठंतरी कुणीतरी दोन ओळी लिहून ठेवतंय. हा माणूस होता म्हणून."

थोरलीनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"काय होतं गं? माझ्याबद्दल?"

तिच्या डोळ्यांपुढं तो पुठ्ठ्याचा तुकडा आला. आणि यंत्रातून पडणाऱ्या पट्ट्या. अर्ध्या तिच्या, अर्ध्या त्याच्या, एकाच डब्यात. इतक्या वर्षांचं ते लिहिणं कुणी वाचलं नव्हतं आणि आता कुणी वाचणार नव्हतं. तिच्या सहीनं. छान, वळणदार सहीनं.

"होतं की," ती म्हणाली. "नक्कल दिली आहे त्यानं." तिनं अर्जाचा कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मिस्त्रींची नजर आता हातभरापलीकडे जात नव्हती.

"वाच ना मग."

"सही करा आधी."

"करतो उद्या. हात थरथरतोय. तू वाच."

थोरलीनं घसा साफ केला. "'घरधनी... बरे आहेत.'"

"एवढंच?"

"थांबा हो, अक्षर बारीक आहे." ती रिकाम्या चौकटींकडे बघत राहिली. आणि मग, कुठून आलं तिला कळलं नाही. "'घरधनी बोलत नाहीत, पण कान देतात. बायको बोलायला लागली की हातातलं काम थांबवत नाहीत. पण रंधा हळू मारतात, तिचा शब्द बुडू नये म्हणून.'"

मिस्त्रींनी डोळे मिटले.

"'सून घर सोडून निघाली त्या दिवशी त्यांनी तिच्या पेटीची तुटकी कडी बसवून दिली. बायकोला वाटलं, तिची बाजू घेतली. महिनाभर बोलली नाही ती त्यांच्याशी. तसं नव्हतं. वाटेत पोरीचं सामान सांडू नये, एवढंच होतं.'"

आत भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला.

"'बायकोनं त्यांना कधी चांगलं म्हटलं नाही. लोकांपुढं नाही आणि घरातही नाही. पण त्यांचं ताट ती दुसऱ्या कुणाला वाढू देत नाही. हे त्यांना कळतं की नाही, कळत नाही.'"

"कळतं," मिस्त्री म्हणाले. डोळे मिटलेलेच. मग म्हणाले, "बाई हुशार आहे. जिन्यात बसून एवढं दिसलं तिला."

"जाड भिंगं आहेत ना," थोरली म्हणाली.

"पुढं वाच."

ती वाचत राहिली. उजेड गेला तरी वाचत राहिली, कारण कागदाला उजेडाची गरज नव्हती. सही दुसऱ्या दिवशी करायची होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दाराकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं, आणि त्यांना काही बोलायचं होतं ते छातीतल्या भुशातच राहिलं. निरोपाची प्रार्थना कुणी म्हटली नाही. थोरलीनं वरचा आवाज लावून बघितला, पण तो तिला चढवता आला नाही, आणि खालचा लावायला दुसरं कुणी नव्हतं. चेहरा सैल पडला नाही त्यांचा. कुणीतरी यायचं राहिलंय असा, दाराकडे वळलेला राहिला.

मिस्त्रींना नेऊन आले, लोक पांगले, आणि चिटणिसाचा फोन आला. सुनेनं घेतला. ती ऐकत राहिली, मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "आई, तो म्हणतो, आता बायका पाठवता येतील."

"आता?"

"कायदा जिवंत माणसाला आहे म्हणे. गेलेल्याला लागू नाही. आता संमती लागत नाही."

बैल गेला आणि झोपा केला. थोरलीच्या ओठावर ते आलं होतं. पण ती म्हणाली, "येऊ देत."

त्या आल्या. बोलकी पुढं, मुकी मागं. त्याच दोन खुर्च्यांवर बसल्या. पलंगावरची गादी गुंडाळलेली होती. बोलकी म्हणाली, किती शांत माणूस होते, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. मग त्यांनी निरोपाची प्रार्थना म्हटली, गुंडाळलेल्या गादीसमोर. एक आवाज वर गेला, दुसरा खाली थांबला. खरंच सुंदर होती. थोरलीनं ती पूर्ण ऐकली, डोळा चपलांवर न ठेवता. सुनेनं चहा आणला, ताज्या दुधाचा.

प्रार्थना संपल्यावर थोरली मुकीकडे वळली. "लिहा," ती म्हणाली.

मुकीनं वर बघितलं.

"मी सांगते ते लिहा. जिन्यात नको, इथंच बसून. घरधनी बोलत नसत, पण कान देत. बायको बोलायला लागली की रंधा हळू मारत. लिहा. मला आता काही झाकायचं नाही. सही मी करते, कुठं करायची ती सांगा."

मुकीचे ओठ हलले, पण बोलली ती बोलकी. "काकू, आता आम्ही काही लिहीत नाही. ते बंद केलं. भेटीचं काही टिपायचं नाही असा हुकूम आहे. तुम्ही कार्ड पुसायला लावलंत, तेव्हापासूनच."



मुकीनं आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले, त्यात काही नाही हे दाखवावं तसे. बोलकीनं घड्याळ बघितलं. चहा दोघींनीही घेतला नव्हता. कपबश्या खुर्च्यांच्या रुंद हातांवर तशाच होत्या. बोलकी उठताना तिच्या पदराचा धक्का लागला, तरी कलंडल्या नाहीत.